छोट्या ट्रॅक्टरचा पंजा आणि किलोवर ठरणारा भाव

मा. संपादक,

सादर नमस्कार.

सांगोला, मंगळवेढा, आटपाडी, जत या पट्ट्यात डाळिंबाच्या ओळींमधून चालणारा २० ते ३० अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर आता नित्याचा झाला आहे. फवारणी आणि रोटाव्हेटर यांच्यासाठी घेतलेल्या या ट्रॅक्टरला पुढे लोडर, म्हणजे माल उचलणारे बाहू, बसवायचा आणि लोडरला खोऱ्याऐवजी पंजा, म्हणजे खाली दात आणि वरून मिटणारा जबडा असलेले पकडीचे औजार, लावायचा, याकडे आता अनेक बागायतदारांचा कल दिसतो. आपल्या दैनिकाच्या शेतीविषयक पानांवर औजारांच्या किमती आणि अनुदान यांविषयी नियमित वाचायला मिळते; मात्र घेतलेले औजार किती हंगाम टिकेल आणि ते कशावरून ओळखायचे, याची चर्चा क्वचितच होते. पंजाच्या बाबतीत तर खरेदीचा निकषच चुकीचा रूढ होत असल्याचे दिसते, म्हणून हे पत्र.

या औजाराची गरज खरी आहे. छाटणीनंतर डाळिंबाच्या काटेरी फांद्या हाताने ओढून बागेबाहेर नेण्याचे काम मजूर नाखुशीने करतात, आणि ते टाळताही येत नाही. कारण तेलकट डाग रोगाचे जिवाणू कापलेल्या रोगट फांद्यांवर व खाली पडलेल्या पाल्यावर राहतात आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पुन्हा झाडावर जातात. सोलापूरजवळ केगाव येथे २००५ साली सुरू झालेले राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र बागेच्या स्वच्छतेवर सातत्याने भर देते, ते याच कारणाने. मध्यंतरी पिन होल बोररने पोखरलेल्या कित्येक बागा सांगोल्यात मुळासकट काढाव्या लागल्या, तेव्हा बांधावर साचलेले खोडांचे ढीग हलवणे हे स्वतंत्र काम होऊन बसले. पडीक रानातली वेडी बाभूळ तोडून बाजूला करायची तर हातमोजे घातलेला माणूसही कचरतो. अशा कामांना पंजा उत्तम आहे. प्रश्न आहे तो कोणता पंजा, हा.

फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो पत्रा किती जाडीचा हवा, आणि भाव सांगितला जातो तो किलोवर. ही पद्धत गेट, शेड आणि ट्रॉलीच्या फाळक्यांसाठी ठीक असेल. छोट्या ट्रॅक्टरच्या पुढे टांगायच्या वस्तूसाठी ती घातक आहे. पोलादाचे वजन दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे ७.८५ किलो असते. म्हणजे ८ मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला सुमारे ६३ किलो आणि १२ मिलिमीटरचा ९४ किलो. दोन चौरस मीटर पत्रा लागणाऱ्या पंजात हा फरक ६० किलोंच्या वर जातो, आणि तो फरक उचललेल्या मालातून वजा होतो. समजा, लोडरची क्षमता त्याच्या पिनांपाशी ४०० किलो आहे. पंजाच २१० किलोंचा असेल, तर कागदावर १९० किलो उरतात. आणि फांद्यांच्या भाऱ्याचा भारमध्य पिनांच्या बराच पुढे असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी. ग्राहकाने पैसे मोजले ते वजनाला आणि गमावले तेही वजनच.

जाड म्हणजे मजबूत, हे समीकरण पोलादाच्या बाबतीत पूर्णपणे खरे नाही. आपल्याकडे बांधकामाच्या पोलादाला आयएस २०६२ हे मानक लागू आहे आणि त्यात ई २५०, ई ३५०, ई ४१० अशा प्रती आहेत. हा आकडा सांगतो की चौरस मिलिमीटरवर किती न्यूटन ताण येईपर्यंत ते पोलाद कायमचे वाकणार नाही. पंजाचे दात पत्र्यातून कापून उभ्या कडेवर लावलेले असतात. अशा दातावर वरून-खालून येणारा भार सोसण्याची शक्ती जाडी आणि प्रत यांच्या गुणाकाराने ठरते, असे ढोबळमानाने धरता येते. ई २५० चा १२ मिलिमीटर दात घेतला तर गुणाकार ३,००० येतो. ई ४१० चा ८ मिलिमीटर दात घेतला तर ३,२८०. एक तृतीयांश वजन कमी करूनही दुसरा दात थोडा सरसच ठरतो. मात्र आडवा धक्का बसला, म्हणजे पंजा जमिनीत रुतलेला असताना ट्रॅक्टर वळवला, तर हिशोब उलटतो. तिथे जाडीच्या वर्गाने शक्ती बदलते आणि पातळ दात लवकर मुरडतो. म्हणून पातळ पण चांगल्या प्रतीच्या दातांना दोन ठिकाणी आडव्या पाइपने बांधलेले असणे आवश्यक आहे. साध्या ‘एमएस प्लेट’ या दुकानी नावाखाली कोणती प्रत मिळते, हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारणारे ग्राहक फार थोडे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. पोलादाची प्रत वाढवल्याने वेल्डिंगच्या कडेला थकव्याने पडणारी चीर टळत नाही. ती चीर वेल्डिंगच्या आकारावर आणि कामाच्या सफाईवर अवलंबून असते. दात जिथे आडव्या पाइपला मिळतो, त्या कोपऱ्यात पत्रा किंचित खाल्लेला असेल, वेल्डिंग काठापाशीच एकदम तुटक थांबवले असेल किंवा वरून ग्राइंडर मारून व रंग देऊन साजरे केले असेल, तर पंजा तिथूनच फाटायला सुरुवात होते. खरेदीपूर्वी रंग लावायच्या आधी पंजा पाहायला मिळावा, असा आग्रह धरण्यात गैर काही नाही. भेग दाखवणारे लाल रंगाचे द्रव फवारून, पुसून वर पांढरा लेप देण्याची तपासणी औद्योगिक वसाहतीतल्या साध्या कारखान्यातही करता येते आणि तिला फार खर्च येत नाही.

यानंतर पंजाचे सांधे. माझ्या मते टिकाऊपणाचा निम्म्याहून अधिक निकाल इथेच लागतो. पंजावर येणारा भार उचललेल्या मालावर अवलंबून असतो, असा सर्वसाधारण समज आहे. बंद होणाऱ्या जबड्याच्या बाबतीत तो खरा नाही. जबडा बंद झाल्यावरही चालकाने लिव्हर धरून ठेवला की जबडा हलवणाऱ्या तेलाच्या सिलिंडरमधला दाब रिलीफ व्हॉल्व्हच्या, म्हणजे जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेच्या, मर्यादेपर्यंत चढतो, मग जबड्यात लाकडाचा ओंडका असो की ओंजळभर पाला. सिलिंडरचा आतला व्यास ५० मिलिमीटर आणि दाब १५० बार धरला, तर तो सिलिंडर जवळजवळ ३,००० किलोंचा जोर लावतो. हा सगळा जोर प्रत्येक वेळी त्याच्या टोकाच्या पिनेवर येतो. २५ मिलिमीटरची पिन या जोराने तुटत नाही. तिला दोन बाजूंनी आधार असेल तर तिच्यासाठी तो किरकोळ आहे. झिजते ते भोक. पिन दोन्ही बाजूंच्या ८-८ मिलिमीटरच्या कानांत, म्हणजे तिला धरणाऱ्या भोकाच्या पट्ट्यांत, नुसती फिरत असेल, तर टेकण्याची जागा होते ४ चौरस सेंटिमीटर आणि दाब येतो चौरस सेंटिमीटरला ७५० किलो. त्याच जागी ४० मिलिमीटर लांबीचे बुश, म्हणजे आत बसणारी धातूची नळी, बसवले आणि पिन त्यात फिरू दिली, तर हाच दाब ३०० किलोंवर येतो. ग्रीस ७५० किलोंखाली तग धरत नाही. ३०० ला धरते.

परिचयातल्या एका बागायतदाराचा पंजा दुसऱ्या हंगामातच खुळखुळायला लागला होता. पिन काढून पाहिली तेव्हा कानाचे गोल भोक अंड्यासारखे लांबट झालेले होते. पिनेच्या एकाच बाजूला, नखाला जाणवेल इतका खोल, चकचकीत चट्टा पडलेला होता. ग्रीस भरण्याचे तोंड, म्हणजे निपल, होता. पण तो कानाच्या खालच्या अंगाला, मातीकडे तोंड करून बसवलेला, आणि त्याच्या तोंडावर वाळलेल्या चिखलाची गोळी घट्ट बसलेली. निपल आणि पिन यांच्यामध्ये ग्रीस जाण्यासाठी भोकच पाडलेले नव्हते. बनवणाऱ्याने निपल दिला होता तो दाखवायला. वर ढिलाई लपवण्यासाठी पिनेचे डोके कानाला वेल्ड करून टाकलेले, त्यामुळे पिन बदलायची तर आधी गॅसने कापायची. त्या पंजाचा पत्रा मात्र चांगला १२ मिलिमीटरचा होता आणि त्यावर एक ओरखडाही नव्हता.

यावरून काय मागायचे ते स्पष्ट होते. पिन साध्या सळईची नसावी. ईएन ८ सारख्या पोलादाची, वरचा थर इंडक्शनने कडक केलेली असावी. बुश पिनेपेक्षा मऊ असावे आणि ठोकून काढता येण्याजोगे असावे, म्हणजे झीज बदलता येणाऱ्या भागात होईल. पिनेला एका टोकाला पट्टी आणि बोल्ट असावा, ज्यायोगे ती स्वतः कानात फिरणार नाही आणि गरज पडल्यास पान्याने काढता येईल. प्रत्येक सांध्याचा निपल उभ्या माणसाला दिसेल अशा जागी हवा. जो वाकून शोधावा लागतो त्याला ग्रीस मिळत नाही, हे शेतावर काम करणाऱ्याला सांगायला नको.

जबडा एक असावा की दोन, याविषयी विक्रेते नेहमी दोनाची शिफारस करतात, कारण वेडावाकडा भारा दोन स्वतंत्र जबडे चांगला पकडतात. मोठ्या ट्रॅक्टरच्या ५-६ फूट रुंद पंजासाठी हे बरोबरच आहे. परंतु छोट्या ट्रॅक्टरला ४ फुटांपलीकडचा पंजा लावूच नये आणि त्या रुंदीला मधोमध एकच जबडा पुरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. एक सिलिंडर, दोन होज (तेलाच्या नळ्या) आणि तीन-चार सांधे वाचतात, वजन उतरते आणि छोट्या पंपाला तेल कमी पुरवावे लागते. शिवाय ५० ऐवजी ४० मिलिमीटरचा सिलिंडर घेतला, तर त्याच दाबाला जोर १,९०० किलोंच्या आसपास येतो. डाळिंबाच्या फांद्या धरायला तो भरपूर आहे आणि सांध्यांचे आयुष्य वाढते.

हायड्रॉलिकविषयी थोडक्यात. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरची मागची लिफ्ट तेलाने उचलते आणि औजाराच्या वजनानेच खाली येते. पंजाला मात्र उघडताना व मिटताना, दोन्ही वेळा तेल लागते. लोडरच्या दोन लिव्हरांशिवाय तिसरा, दोन्ही बाजूंनी काम करणारा व्हॉल्व्ह कुठे व कसा बसणार, हे पंजा ठरवण्यापूर्वी विचारावे. होज दोन पदरी तारेचा असावा आणि तो बाहूच्या आतल्या अंगाने न्यावा. बाहेरून लोंबणारा होज बाभळीच्या पहिल्याच ढिगात अडकतो. सिलिंडरचा चकचकीत दांडा मिटलेल्या स्थितीत तरी झाकला जाईल असा पत्रा वर हवाच. फांदी उसळून दांड्यावर आपटली की क्रोमला टवका जातो, टवका सील कापतो आणि तेल गळू लागते. दुरुस्तीला नेल्यावर सगळे सीलला दोष देतात.

पंजा कितीही चांगला असला तरी ट्रॅक्टरचा तोल सांभाळला नाही तर आधी ट्रॅक्टरच मोडतो, आणि याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. पंजा व माल मिळून ३०० किलो, ते पुढच्या आसाच्या १.२ मीटर पुढे, आणि ट्रॅक्टरच्या दोन आसांमधले अंतर १.५ मीटर धरा. मागच्या चाकांवरून २४० किलो वजन निघून जाते आणि पुढच्या आसावर ५४० किलो वाढते. लोडरचे स्वतःचे वजन वेगळेच. ज्या ट्रॅक्टरचे एकूण वजनच हजार किलोंच्या आतबाहेर, त्याच्या पुढच्या आसाला, विशेषतः दोन चाकी ओढीच्या ट्रॅक्टरच्या बारीक आसाला, हे रोज सोसणारे नाही. टायरमध्ये पाणी भरले की काम झाले, असे सांगितले जाते. पाण्याने मागची चाके दबतात, हे खरे. पण पुढच्या आसावरचा भार त्याने एक किलोनेही हलका होत नाही. तो हलका करायचा तर वजन मागच्या आसाच्याही मागे टांगावे लागते. थ्री पॉइंटला, म्हणजे मागच्या औजार जोडणीला, आसापासून ०.९ मीटर मागे, २०० किलो लावले, तर मागच्या चाकांवर ३२० किलो वाढतात आणि पुढच्या आसावरून १२० किलो कमी होतात. बागायतदाराकडे रोटाव्हेटर असतोच. पंजाचे काम करताना तो सोडून ठेवण्याऐवजी मागे उचललेला ठेवावा, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. भरलेला पंजा जमिनीपासून फूटभरच वर ठेवून चालावे, हे तर चालकाच्या जिवासाठीच. छोट्या ट्रॅक्टरला बहुधा वर छत नसते आणि उंच धरलेला भारा बाहूंवरून मागे चालकाकडे घरंगळू शकतो.

आपल्या बागांना लागू असलेल्या दोन गोष्टी कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाहीत. पहिली ठिबकची. डाळिंबाची लागवड साधारण ४.५ बाय ३ मीटरवर असते आणि लॅटरल, म्हणजे ठिबकच्या नळ्या, ओळीलगत पसरलेल्या असतात. टोकदार, सरळ दातांचा पंजा जमिनीलगत पुढे लोटला की तो नळी उचलून फांद्यांसकट ओढतो. दाताचा तळ घसरपट्टीसारखा गोलाकार आणि टोक किंचित वर वळलेले असेल, तर हे नुकसान बरेच टळते. तरी लॅटरल आधी झाडाच्या बुंध्याशी सरकवून घ्याव्यात. दातांतील अंतर ५-६ इंचांपेक्षा जास्त असेल, तर बारीक फांद्या गळत जातात. त्याहून फार कमी ठेवले, तर माती सोबत येते. दुसरी गोष्ट ब्लीचिंग पावडरची. तेलकट डागासाठी जमिनीवर ती वापरलेली असेल, तर पंजा त्यातूनच फिरतो आणि क्लोरीन उघड्या पोलादाला व क्रोमच्या दांड्याला खाते. काम संपल्यावर साध्या पाण्याने धुऊन, सांध्यांत नवे ग्रीस भरून जुने बाहेर ढकलले, तर हा प्रश्न राहत नाही.

मुळे उपटण्याची कामे पंजाकडून करून घेण्याचा मोह मात्र आवरावा. एका दातावर सगळा भार घेऊन खोड उचकटणे हे जेसीबीचे काम आहे. छोटा पंजा गोळा करण्यासाठी आणि वाहण्यासाठी असतो, आणि ‘आमचा पंजा झाडही उपटतो’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याला त्याच्या लेखी हमीत तेवढे एक वाक्य घालायला सांगावे.

आता मागणीकडे येतो. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेली, ट्रॅक्टर व शेती यंत्रांची चाचणी घेणारी केंद्र सरकारची संस्था आहे. तिच्या ट्रॅक्टर चाचणी अहवालात दोन्ही आसांवरचे वजन, हायड्रॉलिक पंपाचा प्रवाह आणि रिलीफ व्हॉल्व्हचा दाब दिलेला असतो. पंजा घेण्यापूर्वी आपल्या ट्रॅक्टरचा हा अहवाल विक्रेत्याकडून मागून घ्यावा. वर दिलेले सगळे हिशोब त्यातल्या आकड्यांवर करता येतात. परंतु लोडर आणि पंजा बनवणाऱ्या स्थानिक कारखानदारांवर असे काहीच लिहून देण्याचे बंधन पाळले जाताना दिसत नाही. २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानातून औजारांना अनुदान मिळते आणि आपल्या राज्यात त्याचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरले जातात. अनुदान असो वा नसो, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पंजावर त्याचे वजन, पोलादाची प्रत, पिनेचा व्यास, सिलिंडरचा व्यास, कमाल दाब आणि किती वजनाच्या ट्रॅक्टरसाठी तो योग्य आहे, एवढे कोरलेली पट्टी असावी, अशी कृषी विभागाने अट घालावी. कारखानदारांना यात जड जाण्यासारखे काही नाही. ज्याने पंजा विचारपूर्वक बनवला आहे त्याला हे आकडे आधीच माहीत असतात.

तोपर्यंत बागायतदारांनी एवढे तरी करावे की पैसे चुकते करण्यापूर्वी पंजा गावच्या वजनकाट्यावर न्यावा, वजनाची पावती बिलाला जोडून घ्यावी, एक पिन आपल्या समोर काढून दाखवायला सांगावे आणि प्रत्येक निपलमध्ये ग्रीस मारून ते सांध्याच्या दोन्ही कडांनी बाहेर येते की नाही, ते पाहावे.

कळावे,

आपला वाचक,
एक डाळिंब बागायतदार,
ता. सांगोला, जि. सोलापूर